शरीरातच ओपिऑइड असतं, मग गोळीने काय बिघडतं?

कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचा साठा पकडला, ट्रामाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याला अटक, अशा बातम्या आता आपल्याकडे नव्या राहिलेल्या नाहीत. त्या वाचताना बहुतेकांना आठवतं ते व्यसन आणि पोलीस. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीर्यतपासणीचं काम करते. मला आठवतात ते सूक्ष्मदर्शकाखाली सुस्त पडलेले शुक्राणू, आणि रिपोर्ट हातात घेऊन काउंटरशी घुटमळणारा माणूस.

या गोळ्या घेणारे सगळेच नशेसाठी घेत नाहीत. कुणाची यंत्रमागावर बारा तास उभं राहून कंबर धरलेली असते. कुणी रात्रभर ट्रक चालवतो. कुणाला मित्राने ‘याने वेळ वाढते’ म्हणून पट्टी दिलेली असते. तपासणीच्या वेळी ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही ओ मॅडम, दुखण्याची एक गोळी असते फक्त.’ हल्ली त्याला एक पुस्ती जोडली जाते. मोबाईलवर कुठेतरी वाचलेलं असतं की पुरुषाच्या वीर्यात ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी द्रव्यं, निसर्गतःच असतात. मग जे शरीरातच आहे, ते वरून थोडं घेतलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागामुळे मात्र काही जोडप्यांची उमेदीची वर्षं वाया जातात, म्हणून हा लेख.

आधी वीर्य म्हणजे काय ते

वीर्य म्हणजे शुक्राणू, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात वीर्याच्या एकूण आकारमानात शुक्राणूंचा वाटा जेमतेम पाचेक टक्के. बाकीचा सगळा द्रव. त्यातला सुमारे दोनतृतीयांश शुक्राशय नावाच्या ग्रंथींतून येतो आणि शुक्राणूंना इंधन म्हणून लागणारी फ्रुक्टोज साखर त्यातच असते. उरलेल्यातला बराचसा प्रोस्टेट ग्रंथीतून येतो.

नमुना आमच्या हातात येतो तेव्हा तो गोठलेल्या पेजेसारखा दाट असतो. तो ३७ अंशांवर ठेवला की साधारण अर्ध्या तासात पातळ होतो. प्रोस्टेटमधून आलेलं एक एन्झाइम, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारं द्रव्य, ती गोठण सोडवतं. मग एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि चारशे पट मोठा करून बघायचा. चांगला नमुना असेल तर काही शुक्राणू सरळ रेषेत सपसप निघून जाताना दिसतात, काही जागच्या जागी शेपटी हलवत राहतात, काही निपचित असतात. पुढे जाण्याच्या या क्षमतेला गतिशीलता म्हणतात. आपला सगळा विषय तिच्याभोवती फिरतो, कारण स्त्रीबीजापर्यंतचं अंतर शुक्राणूला स्वतः तोडावं लागतं आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकी असते.

थोडक्यात, तो द्रव नुसता वाहून नेणारा नसतो. शुक्राणू कधी शांत राहतील, कधी वेग घेतील, कधी बीजात शिरायला तयार होतील, हे बऱ्याच अंशी त्यातल्या रसायनांवर ठरतं.

शरीराची स्वतःची वेदनाशामकं

अफूच्या बोंडाच्या चिकातून मॉर्फिन मिळतं. मॉर्फिन आणि त्याच्यासारखं काम करणाऱ्या सगळ्या द्रव्यांना ओपिऑइड म्हणतात. कोडीन, ट्रामाडॉल, हेरॉइन ही सगळी त्यातलीच. पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिनं असतात, त्यांना ही द्रव्यं चिकटतात आणि मग पेशीचं वागणं बदलतं. अशा प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. ओपिऑइडचे मुख्य रिसेप्टर तीन आहेत: म्यू, डेल्टा आणि कप्पा.

१९७३ साली मेंदूत हे रिसेप्टर असल्याचं सिद्ध झालं, तेव्हा शास्त्रज्ञांपुढे साधा प्रश्न उभा राहिला. एका झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत आधीपासून सोय कशी? याचा अर्थ शरीर स्वतःच असं काहीतरी बनवत असलं पाहिजे. दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन विद्यापीठात जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून असे दोन रेणू वेगळे केले. त्यांना एन्केफॅलिन असं नाव दिलं. हे पेप्टाइड आहेत, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे. एन्केफॅलिनमध्ये फक्त पाच अमिनो आम्लं असतात. त्याच सुमारास बीटा-एन्डॉर्फिन सापडलं, ते ३१ अमिनो आम्लांचं.

या शोधातला एक तपशील मला फार आवडतो. मेंदूतून काढलेल्या अर्कात ओपिऑइडचा गुण आहे की नाही, हे ओळखायला ह्यूज यांनी जो अवयव वापरला, तो होता उंदराची शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्राणू वाहून नेणारी नळी. तिला विजेचा हलका झटका दिला की ती आकसते, आणि ओपिऑइड टाकलं की ते आकसणं मंदावतं. वेदनेचं कोडं सुटलं ते पुनरुत्पादनाच्या नळीवर. त्या नळीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर ओपिऑइडचे रिसेप्टर होते, म्हणून तर तो प्रयोग शक्य झाला. पुढे वीर्यात हे पेप्टाइड सापडले, त्याची चाहूल तिथेच होती असं मला वाटतं.

वीर्यात ती आली कुठून?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसाच्या वीर्यात बीटा-एन्डॉर्फिन आणि मेट-एन्केफॅलिन (त्या दोन एन्केफॅलिनपैकी एक) मोजलं गेलं. रक्तात असतं त्यापेक्षा बीटा-एन्डॉर्फिन वीर्यात जास्त निघालं. म्हणजे ते रक्तातून झिरपून आलेलं नव्हतं, तिथल्या तिथे तयार होत होतं. वृषणात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हॉर्मोन) बनवणाऱ्या लेडिग पेशी बीटा-एन्डॉर्फिनही बनवतात. प्रोस्टेटकडूनही भर पडते. एन्केफॅलिन ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं, ते तर खुद्द शुक्राणूंमध्येही सापडलं.

मग रिसेप्टरचा शोध सुरू झाला. स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की माणसाच्या शुक्राणूवर म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तिन्ही रिसेप्टर असतात. शुक्राणूला मज्जातंतू नाहीत, त्याला वेदना होत नाही. तरी वेदनेच्या यंत्रणेतला हा भाग त्याने अंगावर बाळगलेला आहे.

आणखी एक गोष्ट तिथेच सापडते. एन्केफॅलिनचे तुकडे करणारी एन्झाइम्स वीर्यातही असतात आणि शुक्राणूवरही. प्रोस्टेटमधून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्यांवर ती मोठ्या प्रमाणात असतात. बनवणारा, ऐकणारा आणि काम झालं की मोडून टाकणारा, असे तिघेही एकाच थेंबात हजर. ही सोय नीट लक्षात ठेवा. गोळीचा मुद्दा येईल तेव्हा ती लागणार आहे.

शुक्राणूवर त्यांचा परिणाम काय?

सोलापूरकरांना हे समजावायला यंत्रमागासारखं उदाहरण नाही. मागाच्या पाठीमागे उभ्या धाग्यांचा बीम असतो. त्याच्या टोकाला साखळी किंवा दोर गुंडाळून वजनं लटकवलेली असतात, म्हणजे बीम आपोआप भसाभस सुटत नाही आणि ताण्याला हवा तेवढाच ताण मिळतो. वजन कमी पडलं तर धागे सैल पडून कापड विसविशीत निघतं. जास्त झालं तर धागा तटातट तुटतो. चांगला विणकर वजन काढूनही टाकत नाही आणि वाढवतही सुटत नाही. सुताचा नंबर बघून तो ते बेताने लावतो.

वीर्यातली नैसर्गिक ओपिऑइड्स हे असं बेताचं वजन आहे. प्रयोगशाळेत शुक्राणूंवर मॉर्फिन टाकलं की त्यांची गती कमी होते. एन्केफॅलिनचा डोस जास्त झाला तरी गती मंदावते. एवढं ऐकून वाटेल की मग हे रिसेप्टर बंद पाडले तर शुक्राणू आणखी पळतील. पण नालोक्सोन किंवा नालट्रेक्सोनसारखी रिसेप्टर अडवणारी औषधं टाकल्यावर काही प्रयोगांत गती उलट घटली. म्हणजे अगदी कमी प्रमाणातलं ओपिऑइड शुक्राणूला चालतं ठेवण्यात हातभार लावत असावं आणि जास्त झालं की तेच त्याला जखडत असावं.

कप्पा रिसेप्टरचं काम आणखी पुढच्या टप्प्यावर दिसतं. शुक्राणूच्या डोक्यावर एन्झाइम्सनी भरलेली एक टोपी असते. बीजाजवळ पोचल्यावर ती फुटली तरच आत शिरायची वाट मोकळी होते, पण वाटेतच फुटली तर शुक्राणू वाया जातो. कप्पा रिसेप्टर चेतवला तर ही टोपी फुटण्याला लगाम बसतो, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत आढळलं आहे. त्यामुळे पुरुषांसाठी गर्भनिरोधक शोधणाऱ्या संशोधकांचंही या रिसेप्टरकडे लक्ष आहे. ते औषध बाजारात आलेलं नाही, त्यामुळे कुणी त्या नावाने काही विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

“मग आमच्यात हे पेप्टाइड कमी असेल, म्हणूनच मूल नसेल?”

हा प्रश्न मला काउंटरवर विचारला गेलेला आहे. त्यामागची तगमग मला कळते. वर्षानुवर्षं कारण सापडत नसलं की माणूस कुठल्याही नव्या शब्दाला धरून बसतो.

वंध्यत्व असलेल्या पुरुषांच्या वीर्यातलं बीटा-एन्डॉर्फिन मोजणारे अभ्यास झालेले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एका दिशेला जात नाहीत. त्यामुळे ‘इतक्या पातळीखाली दोष’ अशी रेघ ओढता येत नाही. नेहमीच्या वीर्यतपासणीत हे पेप्टाइड मोजलं जात नाही, आणि ते वाढवायचं कुठलंही मान्य औषध नाही. ‘एन्डॉर्फिन बूस्टर’ म्हणून हजारो रुपयांची पावडर कुणी गळ्यात मारत असेल, तर ते पैसे एका साध्या वीर्यतपासणीवर खर्च करून उरतील तेवढे परत खिशात ठेवा.

गोळी घेतली की वेगळं काय घडतं?

आता मूळ प्रश्न. शरीरात आहेच, मग वरून घेतलं तर?

पहिला फरक प्रमाणाचा आणि काळाचा. शरीरातलं एन्केफॅलिन अत्यल्प असतं, जागच्या जागी सुटतं आणि तिथली एन्झाइम्स त्याची काही मिनिटांत विल्हेवाट लावतात. ट्रामाडॉल किंवा कोडीन हे पेप्टाइड नाहीत. ती एन्झाइम्स त्यांना हात लावू शकत नाहीत. त्यांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडाकडून व्हावा लागतो आणि त्याला तास लागतात. तोवर ते रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात. जिथे बेताचं वजन लावलेलं होतं, तिथे कुणीतरी धोंडाच बांधून ठेवल्यासारखं होतं, आणि दिवसातून तीनदा गोळी असेल तर तो सुटतच नाही.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे, आणि तो वीर्यात घडत नाही, मेंदूत घडतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, आणि तेही सलग नाही, साधारण दीड-दोन तासांनी एकेका ठोक्यासारखं. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एलएच वृषणातल्या लेडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन मिळून शुक्राणूंचं उत्पादन चालू ठेवतात. ओपिऑइड हे जीएनआरएचचे ठोके मंद करतं. ठोके मंदावले की एलएच उतरतं, एलएच उतरलं की टेस्टोस्टेरॉन उतरतं. वृषणं धडधाकट असतात, पण त्यांना वरून हुकूमच येत नाही.

शरीराचं स्वतःचं बीटा-एन्डॉर्फिनही या ठोक्यांना थोडा लगाम घालत असतं, तो नियंत्रणाचा भाग आहे. रोजच्या गोळीने मात्र तोच लगाम दिवसरात्र ओढलेला राहतो. महिनोन्‌महिने ओपिऑइड घेणाऱ्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घसरणं ही डॉक्टरांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१६ मध्ये सगळ्या ओपिऑइड औषधांच्या माहितीपत्रकात लैंगिक संप्रेरकं कमी होण्याचा इशारा घालायला लावला. इच्छा कमी होणं, ताठरता टिकत नसणं, सतत थकवा, मन उदास राहणं, स्नायू उतरणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, ही त्याची लक्षणं. नवरा-बायको दोघंही ती कामाच्या ताणावर ढकलतात. गोळीकडे कुणाचं बोट जात नाही, कारण गोळीने तर बरं वाटत असतं.

इथे आणखी एक खड्डा आहे. टेस्टोस्टेरॉन कमी निघालं की काही जण जिममधल्या ओळखीने त्याचंच इंजेक्शन घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं आता भरपूर आहे, आणि तो एलएच-एफएसएच आणखी खाली आणतो. वृषणाच्या आत शुक्राणूंसाठी टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. ती इंजेक्शनने मिळत नाही, उलट तिथलं उत्पादन थांबतं. अंगाने भरलेला, दंडाची बेटकुळी दाखवणारा तरुण आणि रिपोर्टात शुक्राणू शून्य, अशी जोडी आमच्या लॅबला अनोळखी नाही. मूल हवं असताना हे इंजेक्शन घ्यायचं नाही. वंध्यत्वाचे डॉक्टर त्यासाठी दुसरी औषधं वापरतात.

“पण ती गोळी डॉक्टरांनीच दिली होती”

ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर किंवा कॅन्सरच्या वेदनेत ओपिऑइड देणं योग्यच आहे. चार-सहा दिवसांच्या औषधाने कुणाचं बापपण जात नाही. वेदनेत तळमळत पडण्यात काही शहाणपण नाही. धोका आहे तो चिठ्ठी संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या गोळीचा.

आपल्या कायद्यातही याची दखल आहे. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. म्हणजे ते साध्या डोकेदुखीच्या गोळीच्या रांगेतलं नाही. दुकानदाराने चिठ्ठी न मागता दिलं म्हणून ते साधं होत नाही.

आणि आता हे वाचून गोळी उद्या सकाळी फेकून देऊ नका. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवली तर अंग मोडून येणं, जुलाब, झोप उडणं, जिवाची घालमेल असा त्रास होतो. ट्रामाडॉलच्या बाबतीत फिट येण्याचाही धोका असतो, विशेषतः मोठा डोस घेणाऱ्यांना. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओपिऑइड सुटलं की जीएनआरएचचे ठोके बहुतेकांमध्ये पुन्हा सावरतात. शुक्राणू मात्र लगेच वाढलेले दिसत नाहीत, कारण एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर यायला आणखी काही दिवस. तीन महिन्यांनी तपासणी केली तर फरक कळेल. पंधरा दिवसांनी करून हिरमुसू नका.

वेळ वाढवायची गोळी

शीघ्रपतनावर ट्रामाडॉल किंवा अफू घातलेल्या गोळ्या घेण्याचा प्रकार बराच आहे, आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही. वेळ वाढते हे काही प्रमाणात खरं आहे. म्हणून तर लोक घेतात. पण मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या माणसाने नेमकं शुक्राणूंना सुस्त करणारं आणि संप्रेरकं उतरवणारं औषध प्रत्येक वेळी घ्यावं, यासारखं दुर्दैव नाही. शीघ्रपतनावर सवय न लावणारे, डॉक्टरांना नीट माहीत असलेले उपाय आहेत. ते विचारायला जीभ रेटत नाही, एवढीच अडचण.

खसखस, व्यायाम आणि चाळीस थेंब

अनारशावरच्या खसखशीने काही होत नाही. मॉर्फिन असतं ते बोंडाच्या चिकात. दाण्याला त्याचा नुसता अंश लागलेला असू शकतो आणि खाण्यातल्या प्रमाणात तो नगण्य आहे.

व्यायामाने रक्तातलं एन्डॉर्फिन वाढतं, मग शुक्राणू मंदावतील का, असंही विचारतात. नाही. वीर्यातलं एन्डॉर्फिन तिथेच बनतं, त्याचा हिशोब वेगळा. बेताचा नियमित व्यायाम करा, वजन आटोक्यात राहील, आणि तो फायदाच आहे.

वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, ही समजूत मात्र पुरती सोडून द्या. तिला शरीरशास्त्राचा कसलाही आधार नाही. तिच्या भीतीने खंगलेली, झोप उडालेली कोवळी मुलं डॉक्टरांकडे येतात आणि त्यांना आजार कुठलाच नसतो.

सोलापूरचा उकाडा

ओपिऑइडवर एवढं लिहिलं, पण आपल्या गावात शुक्राणूंचा त्याहून नेहमीचा शत्रू उष्णता आहे. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाहीत. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो. त्यात पत्र्याखालचा यंत्रमागाचा कारखाना, टॉवेल-चादरींच्या सुताची डाइंगची हौदं, बॉयलरशेजारची पाळी, बेकरीची भट्टी. घट्ट जीन्स घालून सीटवर दहा तास बसणारा ड्रायव्हरही त्यातच.

हातावर पोट असलेल्याला ‘काम सोडा’ असा सल्ला देणं सोपं असतं, ते मी सांगणार नाही. सैल सुती कपडे, पाळीत मधून मधून भट्टीपासून लांब जाऊन उभं राहणं, रात्री गार पाण्याने आंघोळ, मांडीवर लॅपटॉप न ठेवणं, एवढं जमतं. गुटखा, मावा आणि विडी-सिगारेट सुटली तर फारच चांगलं.

आणि रिपोर्ट वाचताना मागचे तीन महिने आठवा. डेंग्यूचा किंवा टायफॉइडचा सणकून ताप येऊन गेला असेल, तर त्या काळातले शुक्राणू होरपळलेले असतात. अशा वेळी एका रिपोर्टावरून निकाल लावायचा नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

आधी कुणाची तपासणी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. तरीही आमच्याकडे येणाऱ्या फायली बघा. सूनबाईची सोनोग्राफी, संप्रेरकांच्या तपासण्या, नळ्या तपासल्या, दुर्बिणीतून ऑपरेशनसुद्धा झालं, आणि नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नाही. सासूबाई ठामपणे सांगतात, ‘आमच्यात काय दोष नाही हो.’ लग्नाच्या रात्री सगळं ठीक होतं म्हणजे शुक्राणू ठीक आहेत, असा तो हिशोब असतो. ताठरता आणि शुक्राणू यांचा असा संबंध नाही. शरीरसंबंध उत्तम असणाऱ्या माणसाच्या वीर्यात शुक्राणू शून्य असू शकतात.

मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. बाईची नळ्यांची तपासणी दुखते. तिचं ऑपरेशन म्हणजे भूल, टाके, कामावर खाडा. नवऱ्याची तपासणी काही मिनिटांची, बिनदुखण्याची, त्या मानाने किरकोळ खर्चाची. एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर पहिल्याच आठवड्यात ती झाली पाहिजे. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

रिपोर्टात काय बघायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार खालच्या मर्यादा अशा: आकारमान १.४ मिलिलिटर, प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हलणारे ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे ३० टक्के, योग्य घडणीचे ४ टक्के. शेवटचा आकडा बघून बरेच जण हादरतात. ९६ टक्के वेडेवाकडे निघाले तरी ते निरोगी पुरुषांत दिसणारंच आहे. या मर्यादा मूल झालेल्या पुरुषांच्या आकड्यांवरून काढलेल्या आहेत. त्यांच्या किंचित खाली असलेल्यालाही मूल होतं. मर्यादेच्या वर असूनही अडचण येऊ शकते. बरंच खाली असेल तर अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांपासून जुन्या जंतुसंसर्गापर्यंत कारणं शोधावी लागतात, आणि त्यातली काही उपचाराने बरी होतात.

नमुना देताना

शेवटच्या वीर्यपतनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचा असेल तर लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या डबीतच, आणि तासाभराच्या आत. ती काळ्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकू नका, उन्हात शिजतं सगळं. शर्टाच्या आत अंगाशी धरून आणा. साधा निरोध वापरू नका, त्यातलं रसायन शुक्राणू मारतं. तेल, साबण, थुंकीही नको. पहिला भाग सांडला तर सांगा, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच भागात असतात. लपवलं तर रिपोर्ट खोटा येईल आणि उपचार चुकीचे होतील.

फॉर्मवर चालू औषधांची एक ओळ असते. तिथे दुखण्याची गोळी, खोकल्याचं औषध, वेळ वाढवायची पट्टी, जिममधलं इंजेक्शन, सगळं लिहा, किती दिवसांपासून तेही लिहा. आम्ही ते घरी कुणाला सांगत नाही. डॉक्टरांना मात्र तीच ओळ आधी वाचायची असते.